मूत्रपिंडापासून पर्णरंध्रापर्यंत : एका प्रश्नाचा इतिहास

मी शाळेत इतिहास शिकवितो. विज्ञान हा माझा विषय नव्हे. तरीही या स्मरणिकेसाठी लेख लिहावयास बसलो तेव्हा राजेमहाराजे, लढाया आणि तहनामे बाजूला ठेवून मी मूत्रपिंडासारखा विषय का घेतला, याचा खुलासा आधी करणे मला आवश्यक वाटते.

विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे एके दिवशी नववीचा तास माझ्याकडे बदली म्हणून आला. धडा उत्सर्जनाचा होता. मी मुलांकडून एकेक परिच्छेद वाचून घेत होतो. इतक्यात मागच्या बाकावरचा, खाडीकाठच्या मोहल्ल्यातून येणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, माणूस लघवी करतो, मग झाड कुठे करतं?" सारा वर्ग खो खो हसला. मला वाटले, हा टवाळी करतो आहे. मी त्याला चार शब्द सुनावले आणि तास संपेपर्यंत उभे ठेवले.

पुढे माझ्या लक्षात आले, की तो मुलगा माझ्या इतिहासाच्या तासालाही काही विचारीनासा झाला आहे. पूर्वी तो हमखास हात वर करी. खरे सांगायचे तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर मलाही ठाऊक नव्हते. माझा राग त्याच्यावर नव्हता, माझ्या अज्ञानावर होता. त्याची शिक्षा मात्र त्याला मिळाली.

ही चूक मनाला लागली म्हणून मी वाचू लागलो. तेव्हा असे आढळले, की ज्या प्रश्नाबद्दल मी मुलाला उभे केले, त्याच प्रश्नाभोवती जगातील थोर थोर माणसांनी आपली आयुष्ये घालविली आहेत. शरीरातील घाण बाहेर कशी पडते? पाणी आत किती ठेवायचे आणि बाहेर किती टाकायचे, हे कोण ठरविते? माणसाचे आणि झाडाचे याबाबतीत काही नाते आहे काय? या प्रश्नांना सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. तो आपणांपुढे थोडक्यात मांडतो.

उस्तादावर शंका

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलन नावाचे एक थोर ग्रीक वैद्य रोम शहरी होऊन गेले. आपल्याकडील हकीम मंडळी त्यांना जालिनूस म्हणतात. पोटातील पाणी वाफ होऊन थेट मूत्राशयात उतरते, असे त्या काळी काही वैद्य सांगत. गॅलन यांनी नुसता वाद घातला नाही. त्यांनी एका प्राण्याच्या दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. मूत्रपिंडाकडच्या बाजूने त्या फुगून टम्म झाल्या आणि मूत्राशय रिकामेच राहिले. लघवी मूत्रपिंडातून येते हे असे सिद्ध झाले. मात्र मूत्रपिंड हे काम कसे करते हे त्यांना उलगडले नाही. मूत्रपिंडाला रक्तातील पाणी ओढून घेण्याची शक्ती आहे, एवढेच सांगून ते थांबले.

आपल्या भारतातही मूत्रविकारांचा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राशयातील खडा, म्हणजे अश्मरी, शस्त्राने काढण्याची रीत सविस्तर दिलेली आहे.

गॅलन यांचे ग्रंथ पुढे नवव्या शतकात बगदादमध्ये अरबी भाषेत आले. हे काम ज्यांच्या हातून मुख्यत्वे झाले ते हुनैन इब्न इसहाक हे धर्माने ख्रिस्ती होते आणि अब्बासी खलिफांच्या दरबारात त्यांना मोठा मान होता. ग्रीक वैद्याचे ज्ञान, ख्रिस्ती भाषांतरकार आणि मुसलमान राज्यकर्ते, असा हा संगम होता. विद्येला जात नसते हे म्हणायला सोपे आहे. बगदादने ते करून दाखविले होते.

यानंतर अबू बक्र अल्-राझी आले. त्यांचा काळ सुमारे ८६५ ते ९२५. मूत्रपिंडातील व मूत्राशयातील खड्यांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. पण मला त्यांचे दुसरे एक पुस्तक अधिक मोलाचे वाटते. त्याचे नाव 'अल्-शुकूक अला जालिनूस', म्हणजे जालिनूसविषयीच्या शंका. गॅलनला अल्-राझी आपला उस्ताद मानीत. आपण त्यांचे किती ऋणी आहोत हे ते आरंभीच सांगतात. तरीही वैद्यकशास्त्रात डोळे मिटून कोणाचेही ऐकणे बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. उस्तादाचा आदर आणि उस्तादावर शंका या दोन गोष्टी एका मनात सुखाने राहू शकतात, हे या माणसाने हजार वर्षांपूर्वी दाखवून दिले. आणि मी एका मुलाच्या साध्या प्रश्नाने बिथरलो!

इब्न सीना (९८० ते १०३७) यांच्या 'अल्-कानून फित्तिब्ब' या ग्रंथात लघवीच्या परीक्षेचे प्रकरण आहे. रंग, दाटपणा, गाळ, वास आणि फेस पाहून निदान कसे करावे, हे त्यात सांगितले आहे. त्याहून महत्त्वाची आहे ती त्यांची खबरदारी. नमुना सकाळचा पहिला असावा, तो फार वेळ ठेवलेला नसावा, रोग्याने केशरासारखा रंग देणारा पदार्थ खाल्लेला नसावा. आज दवाखान्यात आपल्याला सकाळचा पहिला नमुना आणावयास सांगतात, तेव्हा ही जुनी शिस्त आठवावी.

येथे पालकबंधूंना एक नम्र विनंती आहे. पूर्वजांची अशी नावे ऐकली की आपली छाती फुगते, आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. परंतु अल्-राझी आणि इब्न सीना यांना सर्व काही ठाऊक होते असे मानणे म्हणजे त्यांच्याच शिकवणुकीला विसरणे होय. मूत्रपिंडाच्या आत काय चालते हे त्यांनाही कळले नव्हते. नंतरच्या युरोपात तर काही वैद्य रोग्याचे तोंडही न पाहता नुसत्या बाटलीवरून भविष्य सांगू लागले आणि लोकांच्या चेष्टेचा विषय झाले. थोरांचे ग्रंथ पाठ करून विद्या वाढत नाही. त्यांनी जेथे सोडले तेथून पुढे चालावे लागते.

तराजूवर बसलेला वैद्य

'कानून'चे लॅटिन भाषांतर बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे झाले आणि पुढे कित्येक शतके युरोपातील विद्यापीठांत तो ग्रंथ शिकविला गेला. इटलीतील पादुआ विद्यापीठात तो शिकविणारे एक प्राध्यापक होते सांतोरिओ (१५६१ ते १६३६). या गृहस्थाने एक विलक्षण उद्योग केला. मोठ्या तराजूच्या दांडीला त्यांनी खुर्ची टांगली आणि त्या खुर्चीवर बसून ते जेवू लागले. सुमारे तीस वर्षे त्यांनी खाल्लेले अन्न, प्यालेले पाणी, मलमूत्र आणि स्वतःचे वजन यांची नोंद ठेवली.

हिशेब जुळेना. दिवसाकाठी आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर त्यांपैकी सुमारे पाच पौंड कोठे गेले ते दिसतच नसे. ते मलमूत्रात नव्हते, डोळ्यांना दिसणाऱ्या घामातही नव्हते. सांतोरिओंनी निष्कर्ष काढला, की कातडीतून आणि श्वासातून न दिसणारी वाफ सतत बाहेर पडत असते. १६१४ साली त्यांनी हे पुस्तकरूपाने छापले. त्यांचे आकडे आज जसेच्या तसे कोणी स्वीकारीत नाही. परंतु शरीराच्या जमाखर्चाची वही प्रथम त्यांनी उघडली. आपल्या काही उपकरणांची माहिती त्यांनी १६२५ मध्ये छापली ती इब्न सीना यांच्या 'कानून'वरील भाष्यात. पाहा, धागा कसा तुटत नाही!

याच सुमारास ब्रसेल्सजवळ व्हॅन हेल्माँट यांनी झाड तराजूत घातले. कुंडीत २०० पौंड कोरडी माती भरून त्यात ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला फक्त पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती वाळवून पुन्हा तोलली, तर जेमतेम दोन औंस कमी भरली. त्यांनी म्हटले, झाड सगळे पाण्याचेच बनले. हा निष्कर्ष अर्धाच खरा होता, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूचा झाडाच्या देहात मोठा वाटा असतो हे पुढे कळले. पण झाड माती खाऊन वाढते, ही जुनी समजूत एका तराजूने उडविली.

हे दोन धागे एकत्र आणले ते स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने. १७२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल कुंडीत घेतले. मातीतून वाफ निघू नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडी तोलली. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी २० औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी हवेत सोडीत होते. कडक उन्हाच्या कोरड्या दिवशी हा आकडा ३० औंसांवर जाई. रात्री तो अगदी थोडा असे, आणि दव पडले तर काहीच घट होत नसे. मग हेल्स यांनी सांतोरिओंच्या वाटेने माणसावर झालेल्या मोजमापांशी याची तुलना केली. आकारमानाच्या हिशेबाने सूर्यफूल माणसाच्या १७ पट पाणी बाहेर टाकते, असे त्यांचे गणित निघाले. माणूस आणि झाड एकाच तराजूच्या दोन पारड्यांत प्रथम बसले ते असे. १७२७ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

एकोणीस वर्षांचा विद्यार्थी

विद्यार्थी मित्रहो, हा भाग विशेषतः तुमच्यासाठी आहे.

१६६२ साली इटलीत लोरेन्झो बेलिनी या तरुणाने मूत्रपिंडाच्या रचनेवर पुस्तक छापले. त्या वेळी त्याचे वय अवघे १९ वर्षांचे होते. मूत्रपिंड म्हणजे मांसाचा घट्ट गोळा, असे त्याचे वडीलधारे सांगत. बेलिनीने ते कापून, दाबून पाहिले, तेव्हा त्यात केसासारख्या बारीक नळ्यांचे जुडगे दिसले आणि त्यांतून लघवी पाझरली. चारच वर्षांनी, १६६६ मध्ये, मार्चेल्लो मालपिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडात रक्तवाहिन्यांच्या टोकांशी लोंबणारे बारीक गोल पिंड पाहिले. फांदीला फळे लागावीत तसे ते दिसत होते. याच मालपिघींनी पुढे वनस्पतींच्या अंतर्रचनेवर मोठा ग्रंथ लिहिला.

त्या गोल पिंडांचा आणि नळ्यांचा संबंध काय, हे कळायला आणखी पावणेदोनशे वर्षे लागली. १८४२ साली लंडनच्या विल्यम बोमन यांनी दाखविले, की प्रत्येक गोल पिंडाभोवती पेल्यासारखे आवरण असते आणि तेथूनच नळी सुरू होते. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लुडविग यांनी मांडले, की रक्ताच्या दाबाने त्या पेल्यात पाणी गाळले जाते आणि नळीतून जाताना त्याचा बराचसा भाग पुन्हा रक्तात शोषला जातो. हे दोघेही तेव्हा पंचविशीत होते.

लुडविग यांचे म्हणणे सर्वांनी लगेच मानले नाही. वाद ऐंशी वर्षे चालला. अखेर अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वर्न आणि रिचर्ड्स यांनी काचेची केसाएवढी बारीक सुई बेडकाच्या मूत्रपिंडातील एकाच पेल्यात घालून तेथील थेंब बाहेर काढला. त्या थेंबात साखर होती, परंतु त्याच बेडकाच्या मूत्राशयातील लघवीत ती नव्हती. म्हणजे वाटेत कोणीतरी साखर परत घेतली होती. १९२४ साली हे प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला.

मग घाण कोणती? १७७३ साली फ्रान्समधील रुएल यांनी लघवीतून युरिया हा पदार्थ वेगळा काढला होता. १८२१ मध्ये जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि द्युमा यांनी मूत्रपिंडे काढून टाकलेल्या प्राण्यांचे रक्त तपासले, तर त्यात युरिया साठत गेलेला दिसला. यावरून स्पष्ट झाले, की युरिया मूत्रपिंडात तयार होत नाही. मूत्रपिंड फक्त तो बाहेर काढते. आपण खाल्लेल्या प्रथिनांतील टाकाऊ नायट्रोजन यकृतात युरियाचे रूप घेतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

आज हे चित्र पूर्ण झाले आहे. आपल्या दोन मूत्रपिंडांचे वजन मिळून पाव किलोच्या आसपास असते. प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या असतात. दिवसभरात त्या सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. तेलाचे पंधरा लिटरचे बारा डबे डोळ्यांपुढे आणा! त्यांपैकी जेमतेम दीड लिटर लघवी होते. बाकी सर्व पाणी, साखर आणि कामाचे क्षार शरीर परत घेते. मूत्रपिंड हे घाण फेकणारे यंत्र आहे असे आपण समजतो. वास्तविक ते एखाद्या चोख गृहिणीसारखे आहे. ती सगळे धान्य सुपात ओतते, उपयोगाचे परत डब्यात भरते आणि तेवढा कचरा बाहेर टाकते.

झाडाचे उत्तर

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. झाडाला मूत्रपिंड नाही. मग त्याचे कसे चालते?

पहिली गोष्ट अशी, की झाडाजवळ टाकण्यासारखे फार थोडे असते. आपण गरजेपेक्षा अधिक प्रथिने खातो आणि उरलेला नायट्रोजन फेकतो. झाड स्वतःपुरतीच प्रथिने तयार करते आणि नायट्रोजन पुन्हा पुन्हा वापरते. पान गळण्यापूर्वी त्यातील कामाचा बराचसा भाग झाड काढूनही घेते. जे उरते ते पानात, सालीत, जुन्या लाकडात साठते आणि पान गळाले की त्याच्याबरोबर जाते. डिंक, राळ, चीक यांनाही पाठ्यपुस्तके उत्सर्जित पदार्थ म्हणतात. पण ते कीड आणि जखम यांपासून झाडाचे रक्षणही करतात, असे आता दिसून आले आहे. आणि दिवसा प्रकाशात अन्न तयार करताना झाडाला नको असलेला वायू पर्णरंध्रांतून बाहेर पडतो, तो प्राणवायू. झाडाच्या टाकाऊ मालावर आपण जगतो, वाचकहो!

अळूची भाजी नीट शिजली नाही तर घसा खवखवतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. अळूच्या पानात कॅल्शिअम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. माणसाला होणाऱ्या मूतखड्यांपैकी बहुसंख्य खडे याच कॅल्शिअम ऑक्झॅलेटचे असतात. अळूचे पान जो पदार्थ आपल्या पेशींत बिनबोभाट साठविते, तोच आपल्या मूत्रपिंडात साचला की आपण रात्रभर तळमळतो.

झाडाच्या पाण्याचा कारभार पर्णरंध्रे पाहतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या की दार उघडते, सैल पडल्या की मिटते. पानातून वाफ निघून जाते तसे खालचे पाणी वर खेचले जाते, कारण पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. हा सिद्धांत डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये मांडला. कॅलिफोर्नियातील ११५ मीटरहून उंच झाडाच्या शेंड्यापर्यंत पाणी कोणत्याही पंपाशिवाय जाते ते असे. आपले थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांचे मत मात्र वेगळे होते. खोडातील जिवंत पेशी स्पंदन पावून रस वर ढकलतात असे त्यांनी १९२३ च्या ग्रंथात मांडले. बोस यांच्याविषयी आपल्याला नितांत आदर आहे, परंतु या एका बाबतीत शास्त्राने डिक्सन-जॉली यांचा कौल घेतला. आदर आणि शंका यांचा हा पुन्हा एकदा मेळ.

एकच दार

उन्हाळ्यात, विशेषतः रोजा असताना, लघवी थोडी आणि गडद का होते, असे मुले विचारतात. रक्त किंचित दाट झाले की मेंदूतील विशिष्ट पेशींना ते कळते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात येते आणि मूत्रपिंडातील नळ्यांना जणू हुकूम मिळतो, पाणी राखा. हे संप्रेरक व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी प्रयोगशाळेत तयार केले; ज्या कार्यासाठी त्यांना १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचा हा एक भाग होता.

पण हुकूम मिळाल्यावर पाणी पेशीच्या भिंतीतून जाते कोठून? १९९२ साली अमेरिकेतील पीटर एग्री यांनी ते दार शोधले. पेशीच्या आवरणात एक विशिष्ट प्रथिन असते, त्यातून पाण्याचे कण एकामागून एक जातात. यासाठी त्यांना २००३ चे नोबेल मिळाले. आणि १९९३ मध्ये वनस्पतीच्या पेशीतही याच घराण्यातील प्रथिन पाणी सोडते असे सिद्ध झाले. म्हणजे आपल्या मूत्रपिंडात आणि अंगणातील झाडाच्या मुळात पाण्यासाठी एकाच घडणीचे दार आहे. हेल्स यांनी माणूस आणि सूर्यफूल एका तराजूत घातले तेव्हा लोकांना ते विचित्र वाटले असेल. २६६ वर्षांनी त्या तुलनेला असा अर्थ आला.

सतराव्या रोग्याची गोष्ट

या साऱ्या खटाटोपाचा सामान्य माणसाला काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून एक हकीकत सांगतो.

१९३८ साली हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत मूत्रपिंडे निकामी झालेला २२ वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा मरण पावला. त्याच्या आईला काय सांगावे हे त्यांना सुचेना. रोज २० ग्रॅम युरिया त्याच्या रक्तातून काढता आला असता तर तो वाचला असता, असा हिशेब त्यांनी केला. पुढे महायुद्ध पेटले आणि देश जर्मन फौजांच्या ताब्यात गेला. कांपेन या लहान गावच्या इस्पितळात कोल्फ यांनी लाकडी पट्ट्यांचे पिंप तयार करविले. त्याभोवती सॉसेजच्या आवरणासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी गुंडाळली आणि ते पिंप मिठाच्या पाण्यात फिरते ठेवले. नळीतून रक्त वाहताना युरिया पाण्यात उतरे. जगातील पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड १९४३ साली असे जन्मास आले.

पहिल्या सोळा रोग्यांपैकी पंधरा दगावले. तरी कोल्फ थांबले नाहीत. सतरावा रोगी होती १९४५ मधील ६७ वर्षांची एक बाई. ती जर्मनांची साथ केल्याबद्दल युद्ध संपल्यावर तुरुंगात होती. गावातील कित्येकांना ती मेलेलीच बरी वाटत होती. कोल्फ यांनी तिला यंत्रावर घेतले. काही तासांनी ती शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली. डॉक्टरने रोग्याचा पक्ष पाहावयाचा नसतो, हा धडाही त्या यंत्राबरोबर जगाला मिळाला.

१९५४ साली बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले. आपल्या देशात १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले. अवयवांची खरेदी-विक्री रोखणारा कायदा संसदेने १९९४ मध्ये केला. आज डायलिसिसची सोय जिल्ह्याच्या ठिकाणीही आढळते. तरीही जे घर या आजारातून गेले आहे त्याला विचारा. आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास यंत्राशेजारी पडून राहावे लागते, खर्च तर वेगळाच.

म्हणून पालकांना कळकळीने सांगावेसे वाटते. मूत्रपिंडे निकामी होण्याची सर्वांत मोठी दोन कारणे मधुमेह आणि रक्तदाब ही आहेत. दोन्ही आजार आपल्या घराघरांत आहेत आणि दोन्ही फार काळ गुपचूप राहतात. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून मनाने आणून महिनोन्‌महिने घेऊ नका. दहा लाख गाळण्यांपैकी एकही गेली तर ती पुन्हा येत नाही.

शेवटी

एवढे वाचून झाल्यावर मी एके दिवशी त्याच वर्गावर गेलो. सर्वांसमोर त्या मुलाला म्हणालो, "त्या दिवशी तुझा प्रश्न चांगला होता. मला उत्तर येत नव्हते म्हणून मी रागावलो. ते माझे चुकले." वर्ग गप्प झाला. मग मी विचारले, "तुला हा प्रश्न सुचला कसा?"

तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मी अब्बांबरोबर खाडीत जातो. तिथल्या तिवराची पानं चाटली की खारट लागतात. उन्हात तर त्यांच्यावर मीठच दिसतं. मला वाटलं, झाड हे बाहेर टाकत असेल."

वाचकहो, मी थक्क झालो. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवराच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात. मुळांवाटे आत आलेले जादा मीठ त्या बाहेर टाकतात, आणि पाणी उडून गेले की मिठाचे कण पानावर उरतात. हे मी नुकतेच पुस्तकात वाचले होते. त्या मुलाने ते जिभेने तपासले होते. ज्याला मी टवाळखोर समजून उभे केले, तो वर्गातील एकटा असा होता, की जो पाहून, चाखून मग प्रश्न विचारीत होता.

त्या आठवड्यात आम्ही कुंडीतले एक मिरचीचे रोप घेतले. कुंडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खोडाशी घट्ट बांधली आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती शेजारच्या दुकानातील काट्यावर तोलू लागलो. आकडे लिहिण्याची वही त्याच मुलाकडे दिली. आता तो पुन्हा हात वर करतो, माझ्या इतिहासाच्या तासालाही.

पालकहो, आपली मुले घरी काहीबाही विचारतात. कधी त्या प्रश्नाला वास येतो, कधी पाहुण्यांसमोर लाज वाटते. त्यांना गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर "मला ठाऊक नाही, आपण मिळून पाहू" एवढे म्हणा. अल्-राझींपासून कोल्फपर्यंतच्या साऱ्या कहाणीतून मी एवढेच शिकलो. हा लेख वाचून एका जरी घरात एका जरी मुलाला असे उत्तर मिळाले, तरी माझ्या त्या दिवसाच्या चुकीची थोडी भरपाई झाली असे मी समजेन.